रूप ठरण्याआधीच्या गाड्या

मिनियापोलिसच्या पश्चिमेला वाकोनिया नावाचं तळ्याकाठचं गाव आहे. जानेवारीच्या अखेरीस तिथल्या जत्रेच्या मैदानावर जुन्या स्नोमोबाइलींचा मेळा भरतो. एका बाजूला मालकांनी कौतुकानं मांडलेल्या गाड्यांच्या रांगा, दुसऱ्या बाजूला सुट्या भागांचा बाजार. गुलमर्गला किंवा मनालीजवळच्या सोलंग खोऱ्यात ‘स्नो स्कूटर’वरून ज्यांनी फेरी मारली असेल त्यांना हे वाहन ओळखीचं आहे: पुढे दोन स्की, मागे गोल फिरणारा पट्टा, वर लांबट बैठक आणि हातात हँडल. आजची कुठल्याही कंपनीची गाडी घ्या. नाव झाकलं तर नवख्याला ओळखू येणार नाही, इतक्या त्या सारख्या दिसतात. वाकोनियातल्या बहुतेक गाड्या मात्र १९५५ ते १९७५ या वीसेक वर्षांतल्या. इंजिन पुढे असावं की मागे, पट्टा एक असावा की दोन, माणसानं गाडीवर बसावं की गाडीत, हे तेव्हा कुणीच ठरवलेलं नव्हतं. प्रश्न तेवढा सगळ्यांपुढे एकच होता: मांडीभर भुसभुशीत बर्फातून माणसाला न रुतता पलीकडे कसं न्यायचं? इथली प्रत्येक गाडी हे त्या प्रश्नाला कुणीतरी दिलेलं उत्तर आहे. आणि उत्तर देणाऱ्याचा विचार कसा चालला होता, कुठे अडला, कुठे त्यानं हातात होतं त्यावर भागवलं, हे सगळं पत्र्यावर आणि जोडांवर उघड दिसतं. माझ्या लेखी या गाड्यांचं सौंदर्य ते हेच.

वाचायला सुरुवात करावी ती कार्ल एलिअसनच्या धाटणीच्या गाडीपासून. एलिअसन हा विस्कॉन्सिनमधल्या सेनर या छोट्या गावचा दुकानदार. पायाच्या व्यंगामुळे त्याला मित्रांबरोबर बर्फातून शिकारीला जाणं जमत नसे. १९२४मध्ये त्यानं टोबोगनवर, म्हणजे बर्फावरून घसरायच्या लांब लाकडी फळीवर, होडीला लावायचं अडीच अश्वशक्तीचं जॉन्सन इंजिन बसवलं, सायकलचे भाग घालून खाली फिरता पट्टा केला आणि पुढच्या स्की दोरीनं वळवल्या. १९२७मध्ये त्याला पेटंट मिळालं. या गाडीकडे बाजूनं पाहावं. पुढून वर वळलेली फळी त्यानं जशीच्या तशी राहू दिली आहे. नवं वाहन करायला बसलेल्या माणसानं जुनं मोडून टाकलं नाही, त्यालाच इंजिन दिलं. लांबी इतकी, की वजन आपोआप पसरतं. रुंदी इतकी कमी, की झाडांच्या दाटीतून वाट मिळते. शिकारीच्या जंगलाची मापं या गाडीच्या अंगावर आहेत.

दुसरं उत्तर क्यूबेकमधून आलं आणि त्यामागचं दुःख मोठं आहे. जोसेफ-आर्मां बोंबार्डिए हा वालकूर गावचा मेकॅनिक. १९२२मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यानं फोर्डचं इंजिन आणि विमानासारखा पंखा लावून बर्फावर पळणारी गाडी केली होती. १९३४च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा इवों पोटाच्या आजारानं गेला. रस्ते बर्फानं बंद होते, रुग्णालय गाठता आलं नाही. पुढच्या काही वर्षांत त्यानं रबर गुंडाळलेलं दातेरी चाक आणि पट्टा यांची जोडी सिद्ध केली, आणि त्यातून सात जणांची बी-७ व नंतर बारा जणांची बी-१२ आली. बी-१२ दिसली की मी तिच्याभोवती एक पूर्ण प्रदक्षिणा घालतो. प्लायवुडचं गोलसर अंग, जहाजाला असतात तशा वाटोळ्या खिडक्या, पुढे स्की, मागे पट्टे. डॉक्टर, टपाल, शाळेची मुलं, सगळी यातूनच गेली. खिडक्या वाटोळ्या आणि लहान. आतल्या माणसांची ऊब राखायची तर याहून मोठी काच परवडणारी नव्हती. ही गाडी डौलदार आहे, पण डौलासाठी तिच्यात एकही रेघ वाढवलेली नाही.

मग १९४८च्या सुमारास क्यूबेक सरकारनं हिवाळ्यातही रस्ते मोकळे ठेवायचा कायदा केला आणि या मोठ्या गाड्यांची गरजच ओसरली. बोंबार्डिएला जी लहान, एकट्या माणसाची गाडी करायची होती, ती त्यानं १९५९मध्ये बाजारात आणली. तिचं नाव स्की-डू. पहिल्या हंगामात जेमतेम सव्वादोनशे गाड्या झाल्या. त्या आधीचा एक नमुना त्यानं उत्तर ऑन्टारिओतल्या लॅन्सडाउन हाउस इथल्या फादर मोरिस विमे या मिशनरी मित्राला दिला होता.

त्याच दशकात मिनेसोटाच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेजवळच्या रोझो गावात शेतीची अवजारं करणाऱ्या एका कारखान्यात वेगळाच खटाटोप चालला होता. मालकांपैकी एडगर हेटीन गावाला गेला असताना त्याचा भागीदार डेव्हिड जॉन्सन यानं एक गाडी जुळवली. धान्य वर नेणाऱ्या यंत्राची साखळी पट्ट्यासाठी, जुन्या शेव्हरोलेचा बंपर स्कीसाठी, आणि वर ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं इंजिन. हेटीनला परतल्यावर ही गोष्ट फारशी आवडली नाही. पण १९५६मध्ये ती गाडी गावातल्या लाकूडवखारवाल्यानं ४६५ डॉलरना घेतली आणि कारखान्याच्या पगाराची सोय झाली. ही पोलारिसची सुरुवात. १९६०मध्ये हेटीननं पोलारिसच्या गाड्या घेऊन अलास्कात सुमारे बाराशे मैलांची वाट कापली. हा खर्चिक उद्योग घरच्या भागधारकांना रुचला नाही, तो बाहेर पडला आणि थीफ रिव्हर फॉल्समध्ये त्यानं दुसरी कंपनी उभारली. तिच्यातूनच पुढे आर्क्टिक कॅट आली. एकाच घरातून निघालेल्या या दोन कंपन्यांचे चाहते आजही मैदानात वेगवेगळ्या रंगांच्या टोप्या घालून हिंडतात.

पोलारिसची जुनी स्नो-ट्रॅव्हलर आणि साठच्या दशकाच्या मध्यातली स्की-डू ऑलिंपिक शेजारीशेजारी उभ्या असल्या तर तिथे वेळ काढावा. स्नो-ट्रॅव्हलरचं इंजिन मागे आहे. माणूस पुढे बसतो, समोर फक्त बर्फ, धूर आणि आवाज पाठीमागे. शेताच्या यंत्रावर हात बसलेल्या लोकांनी केलेली गाडी, म्हणून सगळं जाड, वेल्डिंगचे टाके न लपवलेले, पोलादाला कुठे काटकसर नाही. ती ओढायला उत्तम; पण सगळा भार शेपटीला, त्यामुळे ताज्या मऊ बर्फात मागचा भाग खाली बसू लागतो. ही अडचण चित्र काढून सांगावी लागत नाही, गाडी पाहूनच समजते.

आता ऑलिंपिक पाहा. मला भेटलेली गाडी रंग न दिलेली, मूळ अवस्थेतली होती. फायबरग्लासच्या टोपणाचा पिवळा रंग उन्हानं लोण्याच्या छटेवर आला होता. टोपण पुढचा भाग तेवढा झाकतं. त्याच्या मागे, चालकाच्या गुडघ्यांच्या मधोमध, एका सिलिंडरचं रोटॅक्स इंजिन उघडं. हे आळसानं उघडं ठेवलेलं नाही. उत्तरेच्या थंडीत हीच उष्णता गुडघ्यांना मिळते, आणि वाटेत प्लग बदलायचा झाला तर हातमोजा न काढता हात पोचतो. इंजिन पुढे आल्यानं स्कींवर थोडं वजन येतं आणि गाडी हँडलचं ऐकते. खरी कमाल पट्ट्याची. सांधा नसलेला रबराचा अखंड पट्टा बोंबार्डिएच्या मुलानं, जेर्मेंनं, पन्नाशीच्या दशकात तयार केला होता. पट्टा हलका झाला म्हणून इंजिन लहान चाललं, इंजिन लहान झालं म्हणून सगळी गाडी हलकी झाली. एक गोष्ट सुटली की तिच्या मागून बाकीच्या कशा सुटत जातात, ते या गाडीत क्रमानं वाचता येतं. पट्ट्याला आत टेकू देणारी बोगी चाकं स्प्रिंगवर वर-खाली होतात. एखादं हातानं दाबून पाहावं, मालक बहुधा हरकत घेत नाही.

या गाडीवर ती चालवून गेलेल्या माणसांच्याही खुणा होत्या. बैठकीच्या डाव्या कडेचं रेक्झिन झिजून कापड दिसत होतं, म्हणजे माणूस एका गुडघ्यावर टेकून दुसरा पाय बाहेर ठेवून चालवायचा. अशा गाड्या तशाच चालवल्या जात, कारण पुढचं दिसतं आणि वळणावर अंग टाकता येतं. उजव्या स्कीला कुणीतरी घरी केलेला लोखंडी तुकडा ठोकलेला. हँडलच्या एका मुठीवर सुतळी गुंडाळलेली.

इथे एक वाद आहे आणि त्यात माझी बाजू ठाम आहे. प्रदर्शनात बऱ्याच गाड्या पुन्हा नव्यासारख्या केलेल्या असतात. त्यामागची मेहनत मी कमी लेखत नाही. मूळ छटेचा पिवळा मिळवायला लोक वर्ष-वर्ष घालवतात, स्टिकर जुन्या आकारात पुन्हा छापून घेतात, प्रत्येक रिवेट त्याच जातीचा शोधतात. ज्या गाडीचा पत्राच गंजून गेला आहे, तिला वाचवायचा दुसरा मार्ग नाही. पण जिचं अंग शाबूत आहे तिला कारखान्यातही मिळाली नव्हती अशी झळाळी देणं म्हणजे तिच्यावरचा मजकूर पुसणं. सुतळीची मूठ गेली की ती गाडी कुणाच्या हातात होती हे कळायचा एकमेव पुरावा गेला. मूळ अवस्थेतल्या गाड्यांची अलीकडे वाढलेली कदर मला म्हणूनच फार मोलाची वाटते.

रंगांचा विषय निघालाच आहे तर आर्क्टिक कॅटच्या बैठकीबद्दल बोलायला हवं. साठीच्या अखेरच्या पँथर गाडीवर काळ्या-जांभळ्या अंगाच्या वर बिबट्याच्या ठिपक्यांचं कापड आहे. पांढऱ्या मुलखात, जिथे सहा महिने डोळ्यांना रंग मिळत नाही, तिथे हे ठिपके कुणालातरी सुचले आणि कंपनीनं धीटपणे कारखान्यातून बाहेर पाठवले. मोटो-स्कीचा नारिंगी, स्नो-जेटचा निळा, जॉन डिअरचा ट्रॅक्टरी हिरवा हे सगळे रंग लांबून ओळख पटावी म्हणूनही होते. बर्फाचं वादळ उठलं की कोण कुठे आहे हे रंगावरूनच कळायचं. पण बिबट्याला असं कारण देता येत नाही. ते निखळ हौसेचं आहे, आणि मैदानातली सगळ्यात आनंदी गोष्ट तीच.

१९७०च्या आसपास अमेरिका आणि कॅनडात शंभरहून अधिक कंपन्या ही गाडी करत होत्या. त्यात होड्यांची इंजिनं करणारे एव्हिनरूड, जॉन्सन आणि मर्क्युरी होते, ट्रॅक्टरवाले मॅसी फर्ग्युसन होते, हार्ली-डेव्हिडसनही होती. १९७१च्या सुमारास एका वर्षात जवळपास पाच लाख गाड्या खपल्या. मग तेलाचे भाव भडकले, काही हिवाळे कोरडे गेले आणि बहुतेक नावं एकामागून एक मिटली. माझं पाऊल या मिटलेल्या नावांपाशी जास्त रेंगाळतं. रेडर नावाच्या गाडीत चालक मोटारीत बसल्यासारखा आत बसतो आणि खाली दोन पट्टे आहेत. बेत सुंदर होता. पण स्नोमोबाइल वळते ती निम्मी माणसाच्या अंगानं, आणि इथे ते अंगच खुर्चीत अडकलं. काही आर्क्टिक कॅटमध्ये झाक्स कंपनीचं व्हँकेल इंजिन आहे, ज्यात वर-खाली होणारा दट्ट्या नसून एक तिकोनी चकती फिरते. तसलं इंजिन चालू झालं की आजूबाजूच्या फटफटाटात एक सलग, गुळगुळीत आवाज उमटतो आणि जाणकार बोलता बोलता थांबतात. हे मार्ग पुढे कुणी धरले नाहीत. गाडीचं रूप शेवटी एकाच ठिकाणी येऊन ठरलं ते या सगळ्यांनी चाचपून पाहिल्यानंतर, म्हणून त्यांना फसलेले म्हणायला माझी जीभ वळत नाही.

आवाजावरून वास. सकाळी दहापर्यंत मैदानावर टू-स्ट्रोक तेलाच्या जळण्याचा निळसर धूर उतरतो, आणि ज्यानं लहानपणी जुनी बजाज किंवा लॅम्ब्रेटा सुरू होताना पाहिली आहे त्याला कुणी काही सांगायची गरज राहत नाही: तेच पेट्रोलमध्ये तेल मिसळणं, तीच थंडीत चोक ओढून केलेली मनधरणी. यांत्रिक नातं आणखीही आहे. या गाड्यांना गिअर नाहीत. इंजिनचा वेग वाढला की पुढच्या पुलीतली वजनं बाहेर फेकली जातात, पुलीच्या दोन ताटल्या जवळ येतात, मधला पट्टा वर चढतो आणि गाडी आपोआप पुढच्या वेगात जाते. आपल्याकडची गिअर नसलेली ॲक्टिव्हा याच तत्त्वावर चालते. फरक इतकाच की इथे झाकण काढून ठेवलेल्या गाडीत हा सगळा खेळ डोळ्यांसमोर घडतो. पुलीतला हा पट्टा रुंदीनं किंचित झिजला तरी गाडीचा स्वभाव बदलतो, म्हणून बाजारात पट्टे विकणाऱ्याच्या हातात सदैव मापपट्टी.

आणि हा बाजार! प्रदर्शनाची बाजू पाहून झाली की लोक तिकडे वळतात, माझ्यासारखे काही तिकडूनच सुरुवात करतात. पिकअपच्या उघड्या पाठी, फोल्डिंगची टेबलं, बर्फावर पसरलेल्या ताडपत्र्या. त्यावर कार्ब्युरेटर, मॅग्नेटो, तुटक्या आणि अखंड विंडशील्ड, वेगाचे काटे, कंपनीच्या नावाची धातूची अक्षरं, डबीत न उघडलेला दिव्याचा बल्ब, जुनी माहितीपत्रकं, गाडीबरोबर मिळालेलं जॅकेट. गाडी अखंड असताना जे आत दडलेलं असतं ते इथे हातात घेऊन निरखता येतं. टिलटसनचा पडद्याचा कार्ब्युरेटर घ्या. त्यात पेट्रोल साठवायची वाटी आणि तरंगणारा गोळा नाही, पातळ पडद्यानं पेट्रोल ओढलं जातं. म्हणजे गाडी उतारावर वाकडी झाली, उडाली, आपटली तरी इंजिन उपाशी राहत नाही. तळहातावर मावणाऱ्या या वस्तूत डोंगरउतारांचा सगळा विचार बसवलेला आहे. पुढे सरकपट्टीवर चालणारं सस्पेन्शन आलं, त्याच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्याही शेजारच्या टेबलावर होत्या. त्यांना वंगण कुठलं? बर्फच. कोरड्या रस्त्यावर जास्त वेळ चालवली तर त्या तापून वितळतात. गाडी बर्फासाठी आहे याचा इतका शब्दशः अर्थ मी दुसऱ्या कुठल्या वाहनात पाहिलेला नाही.

घासाघीस इथे सावकाश चालते. सत्तरीच्या घरातल्या एका विक्रेत्याकडे स्नो-जेटच्या नाकावरचं निळं टोपण होतं, एका कोपऱ्यात तडा गेलेलं. तिशीतल्या मुलानं किंमत विचारली. विक्रेत्यानं आधी विचारलं, “गाडी कुठल्या सालची?” मुलानं सांगितलं. “मग हे बसणार नाही. भोकं वेगळी आहेत.” आणि त्यानं त्याला चार टेबलं पलीकडे, ओळखीच्या माणसाकडे धाडलं. या लोकांना विकण्याइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, तो तुकडा योग्य गाडीवर बसण्याची आस असते. ज्यांच्या कंपन्या पन्नास वर्षांपूर्वी बंद झाल्या, त्या गाड्यांचं सगळं ज्ञान आता याच डोक्यांमध्ये आहे.

या मेळ्यातलं प्रेम खरं आहे, म्हणून या यंत्रानं जे मोडलं तेही त्याच्याशेजारी ठेवायला हवं. मानवशास्त्रज्ञ पर्टी पेल्टो यानं १९७३मध्ये फिनलंडच्या स्कोल्ट सामी लोकांवर एक पुस्तक लिहिलं. रेनडिअर राखणाऱ्या या समाजात स्नोमोबाइल आली तसा पेट्रोलचा आणि सुट्या भागांचा खर्च आला. ज्यांना तो झेपला ते पुढे गेले, बाकीचे कळपांपासून तुटले. आर्क्टिकच्या पुष्कळ वस्त्यांत कुत्र्यांच्या गाड्या थोड्याच वर्षांत मागे पडल्या. पण याच स्नोमोबाइलींनी औषध पोचवलं, शिकारीचं अंतर तोडलं. माणसाला फार दूर नेलं तेही त्यांनीच: मिनेसोटाचा विमा-एजंट राल्फ प्लेस्टेड आणि त्याचे साथीदार एप्रिल १९६८मध्ये स्की-डूवरून उत्तर ध्रुवावर पोचले, आणि अमेरिकी हवाई दलाच्या विमानानं त्यांच्या ठिकाणाची खात्री केली. ऑलिंपिकसारख्याच साध्या, सोळा अश्वशक्तीच्या गाड्या होत्या त्या. वाकोनियातल्या रांगेत तशी गाडी पाहिली की तिच्या पातळ पत्र्याकडे आणि लहानशा टाकीकडे मी आदरानं बघतो.

दुपारी गाड्या सुरू होतात. दोरी ओढायची, नाही झाली तर पुन्हा ओढायची. बाजूचा अनोळखी माणूस हातातली कॉफी ठेवून मदतीला येतो. एकेक करत इंजिनं लागतात आणि कान सावरले की ती ओळखू येतात: एका सिलिंडरचा टपोरा ठोका, दोन सिलिंडरची घाई, पंखा नसलेल्या, वाऱ्यावर थंड होणाऱ्या ‘फ्री एअर’ शर्यतीच्या इंजिनाची करवतीसारखी धार.

मैदानातली सगळ्यात देखणी गाडी कोणती, असं मला विचाराल तर मी १९७१ साली आलेल्या स्की-डू एलानकडे बोट दाखवेन. तिच्यापाशी फारसं कुणी थांबत नाही. लहान, चौकोनी, बोगी चाकांवरची, साधं इंजिन. बाकीच्या जगानं लांब झटके पचवणारे सस्पेन्शन आणले, पाण्यानं थंड होणारी इंजिनं आणली, शंभर अश्वशक्तीचा टप्पा ओलांडला, आणि एलान १९९६पर्यंत जवळपास त्याच रूपात विकली गेली. सापळे लावणारे, गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासे धरणारे, दूरच्या वस्तीत सरपण ओढणारे लोक तीच मागत राहिले, कारण अडकली तर एकट्या माणसाला ती उचलून फिरवता येते आणि बिघडली तर खिशातल्या पान्यानं उघडते. मी पाहिली तिच्या मागे लाकडी घसरगाडी जोडलेली होती, तिच्यात बर्फ खणायचा ड्रिल आणि दोन बादल्या. मालक उद्या तळ्यावर जाणार होता. गाडी प्रदर्शनाची आहे की कामाची, असं मी विचारलं तेव्हा त्यानं दोन्ही असं सांगितलं आणि पट्ट्यात अडकलेलं बर्फ टाचेनं पाडून टाकलं.